मोंबासाच्या गाइडकाकांना वसईहून

गाइडकाका,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला वाचता येणार नाही. तुमच्या गल्लीतल्या त्या गुजराती कापडवाल्या शेठना वाचायला द्या. अक्षरं ओळखीची असल्याने निम्मं तरी सांगतील, उरलेलं पदरचं घालतील.

केनियातल्या तुमच्या त्या पोर्तुगीज किल्ल्याच्या, फोर्ट जीझसच्या दारात गाइड पुष्कळ भेटले. सगळे घाईत. तुम्ही एकट्याने आईच्या गुडघ्यांकडे पाहून आधी बसायला जागा शोधलीत आणि मग विचारलंत, कुठून आलात? मी सवयीने मुंबई म्हटलं. आईने लगेच दुरुस्ती केली, ‘वसई.’ त्यावर तुमचा चेहरा असा खुलला, जणू माहेरचं कुणी आलंय.

मग तुम्ही आम्हाला थेट संग्रहालयात नेलंत, ‘सांतो अंतोनियो द तान्ना’ या जहाजातल्या वस्तूंपुढे. १६९६ च्या मार्चमध्ये ओमानी अरबांनी किल्ल्याला वेढा घातला होता. आत अडकलेल्यांना रसद आणि माणसं घेऊन हे जहाज आलं आणि १६९७ मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशीच बुडालं. १९७७ पासून पाणबुड्यांनी खाली उतरून त्याचे अवशेष शोधले. हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, हे जहाज तुमच्या गावात, वसईत बांधलेलं. तान्ना म्हणजे आपलं ठाणं, हे मग आईच्याच लक्षात आलं. काका, आमचं सगळं आयुष्य वसईत गेलं, शाळेच्या सहली किल्ल्यातच जायच्या, पण चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला जिंकला यापलीकडे आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडच्या जहाजाची गोष्ट ऐकायला समुद्र ओलांडून तुमच्याकडे यावं लागलं.

बाहेर आल्यावर तुम्ही वेढ्याचा शेवट सांगितलात. पावणेतीन वर्षं! रोगराईने माणसं पटापट गेली. डिसेंबर १६९८ मध्ये अरब आत शिरले, तेव्हा लढायला मूठभरच उरले होते आणि त्यांत तुमच्या किनाऱ्यावरची स्वाहिली माणसंही होती. पोर्तुगीजांचा किल्ला म्हणताना ही माणसं विसरायची नाहीत, हे तुम्ही जरा रागानेच म्हणालात. मला तो राग आवडला. १५९३ मध्ये जोव्हानी बातिस्ता कैराती या इटालियनाने किल्ल्याचा आराखडा केला, ते पाटीवरही वाचता येतं. युसुफ बिन हसन मात्र तुमच्यामुळे कळला. गोव्यात पाद्र्यांकडे शिकून, बाप्तिस्मा घेऊन मोंबासाचा सुलतान म्हणून परतलेला हा मुलगा १६३१ मध्ये पोर्तुगीज कप्तानावरच उलटला. इंग्रजांनी तुमच्या किल्ल्यात तुरुंग केला, तो १९५८ पर्यंत होता. तो भाग तुम्ही दोन वाक्यांत संपवलात, बरं केलंत.

ओल्ड टाउनमध्ये उन्हाचं आईला सोसवेना, म्हणून तुम्ही सावलीच्या गल्ल्यांतून फिरवलंत. मंधरी मशिदीचा वर निमुळता होत जाणारा पांढरा मिनार, कोरीव दारं, गल्लीवर झुकलेले लाकडी सज्जे. जुन्या घरांच्या खोल्या एवढ्या चिंचोळ्या का, हे मी विचारलं नसतं तर राहूनच गेलं असतं. छताला खारफुटीच्या बल्ल्या, आणि बल्लीची लांबी तेवढीच खोलीची रुंदी! पोवळ्याचा दगड, चुना आणि खाडीतलं लाकूड. घर बांधायचं सगळं सामान किनाऱ्यावरच.

मोई अव्हेन्यूवरच्या कमानीचे ते प्रचंड हत्तीचे सुळे ॲल्युमिनियमचे आहेत हे ऐकून आई खट्टू झाली. फोटो मात्र तिनेच काढून घेतला. तिला खरा आनंद झाला तो तुमच्या घरच्या न्याहारीने. नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे आणि वेलची घातलेली, तळून फुगणारी महामरी. तुमच्या बायकोकडून तिने खुणांनीच कृती शिकून घेतली. इथे दाणे जमतात, पण महामरी अजून तशी फुगत नाही. पिठात नारळाचं दूध किती घालायचं ते जरा विचारून कळवा.

ठरलेल्या पैशांवर तुम्ही एक शिलिंगही जास्त घेतला नाहीत, आईने बळेबळे दिलेले परत केलेत. म्हणून हे पत्र. त्या दोन्ही दिवसांसाठी मनापासून आभार.

आता तुम्ही या. आमच्या किल्ल्यात संग्रहालय नाही, झाडोरा माजलेला आहे, चर्चच्या भिंती उघड्या पडल्यात. पण समुद्राकडचा दरवाजा उभा आहे. तिथे गाइड मी होईन. जेवण घरी, आणि पैसे तुम्ही द्यायचे नाहीत.

तुमची,
वसईची पाहुणी