बॅटरीवाल्या काकांना, उघडपणे

ती. काका,
सा. न.

ट्रॉलरचे स्टार्टर आणि डायनामो यांतून तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते. तरी मालवण बंदरावरून तुम्ही आमच्या घरी आलात, तेही काचेतले मासे बघायला. ‘तळूचे नाय तर पोसतंस कित्याक?’ हा टोमणा अजून चालू आहे, असो.

खालच्या सम्पमधून, म्हणजे पाणी गाळायच्या दुसऱ्या टाकीतून, माशांच्या टाकीत पाणी चढवायला माझा साधा 230 व्होल्टचा पंप होता. बोटीच्या 12-24 व्होल्टवर आयुष्य काढलेल्या तुम्हाला तो बघवेना. डीसी पंप मला महागडी हौस वाटायची. तुम्ही नुसतं ‘घे’ म्हणाला नाहीत, कारण सांगितलंत. जुना पंप विजेच्या 50 हर्ट्झला बांधलेला, त्याला एकच वेग ठाऊक. डीसी पंपाचा वेग कंट्रोलर ठरवतो, आणि वेग निम्मा केला तर वीज कागदावर आठव्या हिश्शावर येते. पण पाणी उंच चढवायचा जोरही चौथाईवर येतो, म्हणून हावरटपणे वेग उतरवायचा नाही. कॅटलॉगवाले पहिली गोष्ट ठळक छापतात, दुसरी तुमच्याकडूनच कळली.

खरे उपकार पावसाळ्यातले. वाऱ्याने माडाची झावळ तारेवर पडली की रात्र काळोखातच जाते. पाणी थांबलं की माशांचा श्वास कोंडतोच, शिवाय फिल्टरमधले पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणूही ऑक्सिजनवाचून मरू लागतात. तुम्ही 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्यात, फ्यूज बॅटरीला लागूनच बसवलात, आणि वीज गेली की पंप आपोआप त्यांवर जाईल असा रिले लावलात. मध्ये इन्व्हर्टर नाही, त्यामुळे त्यात वाया जाणारी वीजही वाचते. पाणी जेमतेम चढेल एवढ्या वेगावर पंप रात्र काढतो. शिवाय पंप मुद्दाम बंद करून पाइपातलं पाणी सम्पमध्ये मावतं का, तेही तुम्हीच तपासलंत.

खाऱ्या वाऱ्यासाठी जोडांवर ग्रीस फासलंत, कंट्रोलर पाण्यापासून उंच टांगलात, ओघळ तिथेच ठिबकावा म्हणून वायरला खाली झोळ दिलात. मजुरी मात्र सोलकढीवर भागवलीत, हे बरं नाही.

पाऊस ओसरला की पंप व्हिनेगरने धुवायचा आहे. रोटरचा, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचा, सिरॅमिक दांडा न मोडता कसा काढायचा, ते दाखवायला या. मजुरीचं पाकीट तयार आहे, ते घेतल्याशिवाय सोलकढी मिळणार नाही.

तुमचा,
मासे न तळणारा शेजारी