नगरविकासमंत्र्यांना खुले पत्र : नदीकाठी उभ्या आहेत त्या इमारती आधी पुऱ्या करा

माननीय नगरविकासमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

तुमच्या सचिवालयापासून गाडीने जेमतेम दहा मिनिटांवर, मांडवीच्या काठी, पाच मजली इमारतीचा एक सांगाडा उभा आहे. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावर एका हॉलच्या छताला चार लोखंडी हूक आहेत. ते मी बसवून घेतले. स्लॅब घालायच्या आदल्या संध्याकाळी सुपरवायझरला गाठले आणि म्हटले, "बाबा, चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधायची असते आमच्यात. एवढे चार हूक सळ्यांना बांधून घे, मागाहून छताला भोके पाडायला नकोत." तो परराज्यातला. माटोळी म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावे लागले, पण काम त्याने मन लावून केले. त्यानंतर तीन चवथी गेल्या. आमचा गणपती म्हापशातल्या भाड्याच्या खोलीत बसतो आणि माटोळीची फळे खिडकीच्या गजांना टांगावी लागतात.

मी पेडणे तालुक्यातला निवृत्त शिक्षक. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, न्यावे लागते. पेडण्याहून ती फेरी तिला झेपेना, म्हणून मूळ घरातला माझा वाटा भावांना दिला, निवृत्तीचे पैसे त्यात घातले आणि दोन बेडरूमचा हा फ्लॅट बुक केला. नदी दिसते म्हणून घेतला नाही. आमच्या आवाक्यात आणि बांबोळीच्या वाटेवर तेव्हा हाच होता. गोव्यातल्या रीतीप्रमाणे करारावर आम्हा नवराबायकोच्या सह्या आहेत, तेव्हा हे पत्रही दोघांचेच समजा. गावातले काहीजण मला म्हणाले, नदीकाठी कशाला घेतलेस, ती खाजनाकडची, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीकडची जागा. त्यांचे म्हणणे चूक होते असे आज मला म्हणवत नाही.

काम का थांबले ते बिल्डरच्या माणसाने मला एकदा सरळ सांगितले. बुकिंग थांबले, म्हणून काम थांबले. कोविडनंतर गोव्यात दुसरे घर घ्यायची लाट आली. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमाने उडू लागली तशी ती आणखी चढली. दिल्ली, मुंबई, बेंगळुरूची माणसे येत, मॉडेल फ्लॅट बघत, बाल्कनीतून मांडवीचा फोटो काढत आणि टोकन देऊन जात. बहुतेकांना राहायचे नव्हतेच, पर्यटकांना भाड्याने द्यायचे होते. आज ती माणसे येत नाहीत. ज्यांनी घेतले त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढचे हप्ते थांबवले. त्यांच्यापाशी दुसरे घर आहे, ते थांबू शकतात. उरलो आम्ही, राहण्यासाठी घेतलेले. स्लॅबमागून स्लॅब पैसे भरत गेलो आणि किमतीचे चारांतले तीन हिस्से देऊन बसलो आहोत.

मंदीत हे दुखणे आपोआप वाढत जाते. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असलेल्यावर, परवडणाऱ्या गटातली घरे सोडून, एप्रिल २०१९पासून पाच टक्के लागतो. हातात पैसा असलेला गिऱ्हाईक अर्थातच तयार फ्लॅट बघतो. अर्धवट इमारतीकडे कोणी फिरकत नाही, आणि कोणी फिरकत नाही म्हणून ती अर्धवटच राहते. बिल्डर दर उतरवत नाही, कारण उतरवला तर आधीचे गिऱ्हाईक भांडायला येतील आणि बँकही तारणाची किंमत पुन्हा मोजेल. मॉड्युलर किचन फुकट, पार्किंग फुकट, अशा जाहिराती तेवढ्या येत राहतात. साइटवरच्या सेल्स ऑफिसला गेल्या दिवाळीपासून कुलूप आहे. काचेतून आत बघितले तर इमारतीची छोटी प्रतिकृती टेबलावर तशीच आहे, निळ्या रंगाची नदी, त्यात पांढरी होडी.

आता कायद्याकडे येतो. २०१६चा रेरा कायदा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा, मी ओळन् ओळ वाचला आहे, शिक्षकाची खोड म्हणा. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून फक्त जमीन आणि बांधकामावर खर्चायचे, असे कलम ४ सांगते. मुदतवाढीसाठी कलम ६ मध्ये जी अपरिहार्य आपत्ती सांगितली आहे, ती म्हणजे युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा अशीच नैसर्गिक आपत्ती. गिऱ्हाईक न मिळणे हे त्यात कुठेच नाही. म्हणून पहिली विनंती ही, की बाजार मंद आहे या कारणावर कोणत्याही बांधकामाला सवलत किंवा मुदतवाढ मिळावी असे धोरण सरकारने करू नये.

दुसरे कलम ८. प्रकल्पाच्या रेरा नोंदणीची मुदत संपली किंवा ती रद्द झाली, की उरलेले काम कसे पुरे करायचे यासाठी रेरा प्राधिकरण सरकारशी सल्लामसलत करू शकते. पहिला हक्क फ्लॅटधारकांच्या संघटनेला आहे. मंत्रिमहोदय, सल्लामसलतीतले ते सरकार म्हणजे तुमचे खाते. आणि इथेच आमच्यासारख्यांची मोठी अडचण आहे, तिच्याकडे तुम्ही नीट लक्ष द्यावे. कलम ११ प्रमाणे ही संघटना बहुसंख्य फ्लॅट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत व्हायची असते. पण मंदीत अर्धे फ्लॅट विकलेच गेले नाहीत तर बहुसंख्य म्हणायचे कोणाला? आमच्याकडे तेच झाले आहे. घरे विकली जात नाहीत म्हणून संघटना नाही, आणि संघटना नाही म्हणून पहिला हक्क कोणी मागायचा हा प्रश्न. जेवढ्यांनी नोंदणीकृत करार केले आहेत तेवढ्यांची संघटना कलम ८ साठी पुरेशी धरावी, असा स्पष्ट आदेश किंवा नियम काढण्यासाठी तुमच्या खात्याने पुढाकार घ्यावा. माझ्या मते या पत्रातली सर्वांत महत्त्वाची मागणी हीच आहे.

पैसे कुठून आणायचे, हे तुम्ही विचाराल. रखडलेल्या घरांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये पंचवीस हजार कोटींचा स्वामीह निधी जाहीर केला, २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी पंधरा हजार कोटींचा. पण पहिल्या निधीचा रोख परवडणाऱ्या आणि मध्यम किमतीच्या घरांवर होता. नदीकाठचे म्हटले की ते आलिशानच, असे धरून आम्हाला दारातूनच परत पाठवतील ही भीती आहे. अशा इमारतींत राहण्यासाठी घर घेतलेले किती गोवेकर आहेत, याची यादी आधी तुमच्या खात्याने करावी. न विकलेले फ्लॅट तारण ठेवून काम पुरे करता येईल का, हे सहकारी बँकांना बोलावून विचारावे. नोएडाच्या आम्रपाली या बिल्डरची रखडलेली घरे पुरी करण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे दिले. तिथे हजारो घरे होती, आमच्या इमारतीत अठ्ठेचाळीस आहेत.

हे होईपर्यंत मांडवी, झुवारी, शापोरा यांच्या काठांवर मोठ्या निवासी प्रकल्पांना नवे परवाने देऊ नयेत. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत भरतीच्या नद्यांकाठी बांधकामावर निर्बंध असलेला शंभर मीटरचा पट्टा होता, २०१९च्या अधिसूचनेने तो पन्नासवर आणला. म्हणजे काठाकडे सरकायला वाट मोकळी होत चालली आहे. उभे आहे ते विकले जात नसताना आणखी उभे करून कोणाचे भले होणार?

मागच्या रविवारी मी एकटाच तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. जिन्याला कठडा नाही, भिंतीला हात लावून चढलो. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या उघड्या आहेत. मांडवीवरून येणारा खारा वारा आणि तीन पावसाळे यांनी त्या अशा खाल्ल्या आहेत की बोटाने घासले तर पापुद्रा हातात येतो. भिंतींवर गंजाचे तांबडे ओघळ उतरले आहेत. खाली पार्किंगच्या जागेत घोट्याएवढे पाणी साचलेले होते, त्यात डासांची अंडी. काम चालू असताना प्रत्येक मजुराकडे हिवतापासाठी आरोग्य कार्ड आहे की नाही ते बघायला माणसे येत. आता मजूर नाहीत, तर ते पाणी बघायलाही कोणी येत नाही. आमचे हूक मात्र शाबूत आहेत. मी एकेकाला हाताने ओढून बघितले.

बाकी सगळ्याला वेळ लागेल हे मला कळते. पण पाऊस जूनमध्ये येणार. त्याआधी एखादा सरकारी अभियंता पाठवून त्या सळ्या घासून घ्या, त्यांच्यावर सिमेंटच्या घोळाचा हात फिरवून घ्या आणि पार्किंगमधले पाणी काढून टाका. त्याचा खर्च आम्ही करारवाले वर्गणी काढून देऊ, तेवढी आमची तयारी आहे. आत जायची परवानगी आणि अभियंता तेवढा तुम्ही द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि त्याची पत्नी
पेडणे, सध्या मुक्काम म्हापसा