विन्या, बाबांनी तुझी चौकशी केली

धरमपेठ, नागपूर
२८ सप्टेंबर

प्रिय विन्या,

चार महिने तुझ्या मेसेजांना नुसता अंगठा दाखवून राहिलो, त्याबद्दलच्या शिव्या भेटीसाठी राखून ठेव. माझी शुगर आहे तशीच, गुडघा आहे तसाच. पुढे.

परवा बाबांनी तुझी चौकशी केली. तुझीच. जेवता जेवता हात थांबवला आणि म्हणाले, "तो विन्या आजकाल दिसून नाही राहिला. बरा आहे ना?" आईनं माझ्याकडे पाहिलं, मी वरणाकडे.

मुळापासून सांगतो. ऑगस्टात एका सकाळी गोकुळपेठेत सांबार आणायला म्हणून निघाले आणि अडीच तासांनी महालात सापडले, तुमच्या वाड्याच्या जागी. तिथं आता चार मजली उभी आहे, तिच्या फाटकाशी. हातात सांबाराची जुडी आणि पायात एकच चप्पल. दुसरी कुठे म्हटलं, तर खाली पाहून दचकले. गळून पडलेली कळलीच नव्हती. तळवा सोलून निघाला होता, तेही नाही.

घरात तो एक शब्द कोणी तोंडातून काढला नाही. मोठ्या काकूचं शेवटचं वर्ष तू पाहिलंयस. न्यूरॉलॉजिस्टनं मात्र डोक्याआधी पाय धरले. खिशातून नादकाटा काढला. अबे, आपल्याच प्रयोगशाळेतला असावा असा. तळहातावर आपटून बाबांच्या घोट्यावर टेकवला. बाबा मास्तरकीच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, हा वाजवलाच नाही तुम्ही." मला तो थरथरताना दिसत होता, विन्या.

रक्तात ब-१२ निघालं १२८. दोनशेच्या वर हवं. पायाचं बधिरपण यातूनच, विसरणंही कदाचित. 'ड' तर ९. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री तापणाऱ्या गावात माणसाला सूर्य कमी पडतो, कारण आपण सगळे कूलरपुढे बसून असतो. त्यासाठी आठवड्याची पुडी दिली, तो विषय संपला. लोह ठीक आहे. आईची लोखंडी कढई आणि अंबाडीची भाजी, शिवाय जेवणावर चहा प्यायचा नाही हा बाबांचा नियम. तो तेव्हा जाच वाटायचा, पण बरोबर होता. चहानं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

पण ब-१२! दिवसाला लागतं किती, तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅमचे हजार भाग केले तर त्यातले दोन-अडीच. ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव. झाडं बनवत नाहीत, म्हणून पालेभाजीत नाही, डाळीत नाही, जवसाच्या चटणीतही नाही. गाई-म्हशीच्या पोटातले जंतू करतात, तिथून ते दुधात उतरतं. नाही तर मांस, मासे आणि… अंडं.

आता आठव सरांचा, म्हणजे आपल्या बाबांचाच, वर्गातला तक्ता. क जीवनसत्त्वाशी आले की १७४७ सालचा तो लिंड नावाचा डॉक्टर यायचाच. बारा आजारी खलाशी, दोघादोघांना वेगळा उपचार, आणि ज्या दोघांना संत्री-लिंबू दिलं ते सहा दिवसांत उठून बसले. सर असं सांगायचे की वाटावं संत्री काटोलहूनच गेली होती. आणि ब-१२ पुढे "यकृत, अंडी, दूध" लिहून देऊन म्हणाले होते, "पहिले दोन परीक्षेपुरते. घरी प्रयोग करायचा नाही."

प्रयोग आपण सीताबर्डीवर केला. (आम्लेट होतं. तू अजून भुर्जी म्हणत असशील तर म्हण.)

घरी पुन्हा अंड्यावरून महाभारत. ताई फोनवर म्हणे बीट द्या, डाळिंब द्या. म्हटलं, लाल असलं म्हणजे झालं का? आई दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वेगळं भांडं ठेवीन मी. उकडून देईन." तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला बाल्कनीत जावं लागलं. आणि डॉक्टर म्हणतो, अंड्यानं काही व्हायचं नाही! दूध रोज घेतच होते ना? अन्नातलं ब-१२ सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं. वयानं ते कमी, त्यात पंधरा वर्षं रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी. वरून मला म्हणाला, तुमची शुगरची मेटफॉर्मिनही हेच करते, तुम्हीही तपासा. बाबांना म्हणाला, नशीब काढलंत, १९२६ साली बोस्टनला असता तर मिनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी रोज वाटीभर यकृत खाऊ घातलं असतं. त्याच कामाला पुढे नोबेल मिळालं. बाबांनी रामरक्षा सुरू केली.

इंजेक्शन लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं. ताईला फोटो पाठवला. पायांचं सांगता येत नाही म्हणतो, फार उशीर झालाय. विसरणं थोडंफार परतेल, किंवा ते वयाचंच असेल. सहा महिने पाहू.

तेव्हा त्या आम्लेटाबद्दल सरांना तू म्हणालास, "मीच खायला लावलं." आयडिया माझी, पैसेही माझे. मी खाली मान घालून उभा आणि सर तुला सांगतायत, पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. १९८७ ची गोष्ट. माझ्या लग्नालाही तू हॉलवरच आलास, घरी नाही. आपण यावर कधी बोललो नाही, तुझ्यात ते बोलायचं नसतंच. मला सांगायचं होतं त्यांना, दर वर्षी पुढं ढकललं. आता सांगू तर कशाची कबुली देऊ? त्यांना गुन्हाच आठवत नाही. त्यांनी तुला माफ केलं नाहीये, विन्या, ते नुसते विसरलेत. आणि इंजेक्शनं लागू पडली तर आठवेल.

ती लागू पडावीत म्हणून मी रोज गणेश टेकडीला जातोय, हेही लिहून ठेवतो.

मुग्धाचं ठरलं ते कळलं, फार आनंद झाला, फोन करतोच. तुझ्या सोसायटीच्या लिफ्टचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

दिवाळीला ये म्हणणार होतो. पण काल सातवं इंजेक्शन झालं, आणि आज सकाळी बाबांनी चष्मा मागून शब्दकोडं सोडवलं. उभे शब्द सगळे बरोबर. तू दसऱ्यालाच ये.

तुझा,
बाळ्या