थँक्सगिव्हिंगचा पिझ्झा

एडिसन, न्यू जर्सी
सोमवार, सकाळ

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलेस की, तुझ्या लेकाच्या शाळेत प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या इथल्या आभाराच्या सणाच्या, रीतीबद्दल चार वाक्ये लिहून न्यायची आहेत, तर आपल्याकडे त्या दिवशी पिझ्झा खाण्याची रीत पडली कशी. मी नेहमीप्रमाणे "आपण शाकाहारी, त्या दिवशीचा टर्की पक्षी कुठून करणार?" असे म्हणून विषय बदलला. तू तिसरीत असताना हाच प्रश्न घेऊन शाळेतून रडवेली होऊन आली होतीस आणि तेव्हाही मी हेच उत्तर दिले होते. ते उत्तर खोटे नव्हते, पण ते कारणही नव्हते. कारण आहे ते दुपारच्या एका मालिकेत, आणि परवा बेसमेंटमधले खोके आवरताना त्या मालिकेची कॅसेट हाती लागली, म्हणून आता सगळे नीट लिहूनच काढते.

मालिकेचे नाव 'जनरल हॉस्पिटल'. एबीसी वाहिनीवर १ एप्रिल १९६३ रोजी सुरू झालेली ही मालिका आधी अर्ध्या तासाची होती, १९७८ पासून ती तासाभराची झाली, आणि आजही चालू आहे. नावात इस्पितळ असले तरी न्यू यॉर्क राज्यातल्या पोर्ट चार्ल्स नावाच्या काल्पनिक गावातली माणसे तिथे उपचारांपेक्षा भांडणांसाठीच जास्त जमतात. आपल्या खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई अशा मालिकांना 'माय स्टोरीज' म्हणत. साबण विकणाऱ्या कंपन्यांनी रेडिओच्या काळात गृहिणींसाठी असल्या गोष्टी पुरस्कृत केल्या, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडले, हेही त्यांनीच मला कपडे धुण्याच्या खोलीत सांगितले होते. मला हा प्रकार अगदीच नवा नव्हता. पुण्यात शेजारी केबल आल्यावर स्टार प्लसवर 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' मी चोरून पाहिले होते. चोरून म्हणते, कारण आपल्यात शिकलेल्या बाईने दुपारी टीव्हीसमोर बसणे कमीपणाचे मानले जाई, आणि इथल्या मंडळातल्या बायकाही एकमेकींना "मला बाई वेळच होत नाही" असे आवर्जून सांगत. मालिका दुपारी तीनला लागे आणि तुझी शाळेची बस साडेतीनला येई, त्यामुळे मी व्हीसीआरचा टायमर लावून ठेवत असे आणि रात्री भांडी झाल्यावर भाग बघत असे. एका कॅसेटवर सहा तास मावावेत म्हणून सगळ्यात हळू गतीवर टेप करायचे, म्हणून चित्र असे धुरकट आले आहे.

त्या मालिकेतले क्वार्टरमेन कुटुंब म्हणजे गडगंज पैसा, मोठा वाडा आणि घरात एकाचे दुसऱ्याशी पटत नाही. म्हातारा एडवर्ड सतत ओरडणारा, मुलगा ॲलन डॉक्टर, सून मोनिका हीसुद्धा डॉक्टर. या ॲलनने वाडा बायकोच्या नावावर करून दिलेला असल्यामुळे भांडण पेटले की मोनिका सासऱ्यासकट सगळ्यांना "हे माझे घर आहे, चालते व्हा" असे ठणकावते. दुकानात कोथिंबीर मागण्याआधी मला इंग्रजीत घराबाहेर काढायचे वाक्य येऊ लागले होते, असे तुझे बाबा चिडवत असत. या सगळ्यांच्या मधोमध व्हीलचेअरवर शांत बसलेली एडवर्डची बायको असे. तिच्या नावाचा उच्चार ते लोक लायला असा करतात, पण मी ते श्रेयनामावलीत वाचले ते लीला असेच, आणि माझ्यासाठी ती कायम लीलाआजीच राहिली. तिने स्वतःचे एक लोणचेही बाजारात आणले होते. आता याहून अधिक मराठी आजी कोणती असणार?

या घरात दरवर्षी थँक्सगिव्हिंगला मेजवानीचा थाट असतो. चांदीची भांडी निघतात, सगळे ठेवणीतले कपडे घालतात, आणि दरवर्षी टर्कीचा काही ना काही घोटाळा होतो, जेवण वाया जाते, एकमेकांवर आरडाओरडा होतो, आणि शेवटी त्या वाड्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पिझ्झा येतो. मग लीलाआजी सगळ्यांना थांबवते, आणि पिझ्झ्याला हात लावण्यापूर्वी सगळे मिळून थँक्सगिव्हिंगचे जुने स्तोत्र म्हणतात. मी पुढे वाचनालयात शोधून पाहिले, तर ते स्तोत्र मुळात अमेरिकेचे नाहीच. १५९७ मध्ये टर्नहाउटच्या लढाईत डचांनी स्पॅनिश सैन्याचा पराभव केला, त्या विजयाचे ते गीत आहे आणि त्याचे इंग्रजी रूप १८९४ मध्ये झाले. युद्ध जिंकलेल्यांचे गाणे या घरात टर्कीशी हरलेले लोक म्हणतात, याची मला अजून गंमत वाटते.

आता आपल्या घरी काय घडले ते सांगते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला तुझ्या आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदा अमेरिकेत सहा महिने राहायला आल्या होत्या, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. त्या वर्षीच्या दिवाळीला मी हट्टाने अनारसे करायला घेतले. तांदूळ तीन दिवस भिजवले, सावलीत पसरून मिक्सरवर दळले, ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून गूळ आणि खसखस आणली. आजी दोनदा म्हणाल्या की पीठ सैल आहे, थोडे थांब. पण मला त्यांच्याकडून शिकायचे नव्हते, मला करून दाखवायचे होते. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. दुसरा हसला, तिसरा हसला, आणि कढईत नुसता गुळाचा चोथा तरंगू लागला. आजी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणेच मला लागले. लक्ष्मीपूजनाला तुझे बाबा मध्ये उभे राहून आमच्या दोघींशी आळीपाळीने बोलत होते. आपल्या घरात ओरडायची पद्धत नाही, अबोला धरायची आहे, आणि अबोल्याचे वाईट असे की तो केव्हा संपला हे कोणालाच कळत नाही. तो थँक्सगिव्हिंगपर्यंत टिकला.

त्या आठवड्यात एका रात्री मी नेहमीसारखी कॅसेट लावली. आजींना झोप येत नव्हती, म्हणून त्या शाल पांघरून दिवाणखान्यात येऊन बसल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण पाच मिनिटांत त्यांनी विचारले, "ही सून ना गं?" मी हो म्हटले. मग त्यांनी घर कोणाचे आहे ते विचारले. सुनेच्या नावावर आहे, असे मी सांगताच त्या एवढ्या जोरात हसल्या की तू जागी झालीस. त्यानंतर मी प्रत्येक संवाद मराठीत सांगू लागले आणि त्या दोन्ही बाजूंनी निवाडे देऊ लागल्या. जेवण वाया गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढ्या श्रीमंतीत एक पक्षी धड शिजत नाही!" आणि मग अगदी सहज पुढे म्हणाल्या, "माझ्या पहिल्या दिवाळसणाला माझेही अनारसे हसले होते. सासूबाईंनी ते सगळे ताटात घालून मलाच खायला लावले." तीस वर्षे त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. पिझ्झा आला, सगळे गाऊ लागले, तेव्हा त्यांनी तो पिझ्झा काय असतो ते विचारले आणि म्हणाल्या, "मग आपणही तोच मागवू या की."

म्हणजे ही रीत माझी नाही, तुझ्या आजींची आहे. तू आजवर समजत आलीस की आईला अमेरिकन सण करता येत नव्हता म्हणून तिने पळवाट काढली. तुझा तो समज मी होऊ दिला, कारण टीव्हीवरून घरात रीत आणली हे सांगण्यापेक्षा शाकाहाराचे कारण जास्त शोभून दिसत होते.

पहिल्या वर्षी फजिती झाली. थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारी येते आणि त्या दिवशी सगळे बंद असते, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. तुझे बाबा तासभर गाडी फिरवून एका पेट्रोल पंपाच्या दुकानातून गोठवलेला चीज पिझ्झा घेऊन आले. आजींनी तो ओव्हनमधून निघाल्यावर त्यावर लसणाची चटणी भुरभुरली, आणि आपण हात पुढे करताच म्हणाल्या, "थांबा, ती माणसे काही म्हणतात ना आधी?" मग त्यांनी 'वदनी कवळ घेता' सुरू केले. तुझ्या आठवणीत पिझ्झ्यासमोर हात जोडून बसणे आहे ते तिथून आले.

परवा तो भाग मी पुन्हा पाहिला. माझ्या आठवणीत ते स्तोत्र खूप लांब होते. प्रत्यक्षात ते बघता बघता संपते आणि भाग जवळजवळ सगळा भांडणातच जातो. दिवसाला एक भाग चित्रित करणाऱ्या मालिकेकडून जेवढी अपेक्षा करावी तेवढाच तो बेतलेला आहे. मेलेली माणसे परत येण्याचे आणि स्मृती जाण्याचे त्यांचे खेळ मला तेव्हाही पटत नव्हते आणि आता तर अजिबात पटत नाहीत. पण हा एक भाग मला आजही चांगला वाटतो, आणि का ते या वेळी नीट कळले. आपल्या मराठी मालिकांतही दिवाळी आणि मंगळागौर असते, पण तिथे प्रसाद बिघडला की तो कोणी बिघडवला हे शोधण्यात आठवडा जातो, आणि शेवटी पैठणी नेसलेली एखादी खलनायिका सापडतेच. क्वार्टरमेनांच्या घरी तो तपास फार चालत नाही. दोष सगळ्यांचाच असतो, तो थोडा ओरडून वाटून घेतला जातो आणि खोकी उघडतात.

एक गोष्ट मात्र तेव्हा मला माहीत नव्हती. लीलाआजीचे काम करणाऱ्या ॲना ली या खरोखरच व्हीलचेअरवर होत्या. मोटार अपघातानंतर त्यांच्या कमरेखालचा भाग लुळा पडला होता, आणि तरीही त्या वर्षानुवर्षे काम करत राहिल्या. त्या २००४ च्या मे महिन्यात गेल्या. त्या टेबलाभोवतीचे एडवर्ड म्हणजे जॉन इंगल २०१२ मध्ये, ॲलन म्हणजे स्टुअर्ट डेमन २०२१ मध्ये, आणि घराची मालकीण मोनिका, लेस्ली चार्लसन, २०२५ च्या जानेवारीत गेल्या. तुझ्या आजीही आता नाहीत. धुरकट पडद्यावर ही सगळी माणसे एकाच वेळी तोंड उघडून गात होती, कोणाचाच सूर कोणाशी जुळत नव्हता, आणि मी एकटीच सोफ्यावर बसून त्यांचे बोलणे मराठीत सांगत होते, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आले.

बाळाला चार वाक्यांत काय लिहायचे ते तू ठरव. मालिकेचे नाव घातलेस तरी माझी हरकत नाही. बाईंना हसू आले तर येऊ दे. कॅसेटची प्रत करून घेण्यासाठी तुझे बाबा दुकानात चौकशी करत आहेत, ती झाली की पाठवीन. तोवर, या वर्षी पिझ्झा बुधवारी संध्याकाळीच आणून ठेव, गुरुवारवर विसंबू नकोस. चटणीची बाटली मी शनिवारीच पोस्टाने पाठवली आहे. पिझ्झा ओव्हनमधून काढल्यावरच घाल, आधी घातलीस तर लसूण करपतो.

तुझी,
आई