नोकरी सोडली आहे, पण आधी पूर्ण वाचा

प्रिय आई-बाबा,

आई फोनवर गप्प बसली की मला पुढे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. एजन्सीतला राजीनामा मंजूर झालाय. आता मी लहान मुलांची चित्रपुस्तकं करणार. बाबा, चष्मा काढून ठेवू नका, पुढे वाचा.

चित्रपुस्तकांचा प्रसिद्ध चित्रकार एरिक कार्ल 1929 साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला जन्मला. आई-वडील जर्मन. आईला माहेरची ओढ सुटेना, म्हणून 1935मध्ये सगळे जर्मनीत परतले. मग युद्ध, वडील रशियनांच्या कैदेत. ते घरी आले 1947मध्ये. लहानपणी एरिकला म्हणे पूल बांधायचा होता, जर्मनीपासून थेट अमेरिकेपर्यंत, आजीचा हात धरून परत जायला. (आई, रडू नकोस ना.) 1952मध्ये खिशात 40 डॉलर घेऊन तो न्यूयॉर्कला आला. आधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये डिझायनर, मग जाहिरात एजन्सीत आर्ट डायरेक्टर, म्हणजे अगदी माझंच काम. तेही सोडून तो स्वतंत्र कामं घेऊ लागला. त्याने एका जाहिरातीसाठी केलेला लाल लॉब्स्टर बिल मार्टिन या लेखकाला आवडला, त्याने आपल्या पुस्तकाची चित्रं एरिकला दिली, आणि 1967मध्ये ‘ब्राउन बेअर, ब्राउन बेअर’ आलं. तेव्हा एरिक अडतिशीला टेकला होता. माझं वय तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांनी ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’. पंचने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना सुचलेलं. आधी त्यात साधी अळी होती, सुरवंट सुचवला संपादक बाईंनी. भोकांची पानं अमेरिकेत परवडेनात, म्हणून छपाई जपानात. पुढे पाच कोटींवर प्रती खपल्या. आई, आकाशकंदिलाला तू आणायचीस तसला पातळ कागद तो आधी रंगवायचा, मग कापून चिकटवायचा. खळ मी ताटभर सांडायचे आणि तू रागवायची नाहीस. हे वेड तिथलंच आहे.

सगळ्यांचं असं होत नाही, कळतं मला. पण समीरची नोकरी आहे, विमा त्याच्याकडूनच आहे, आणि बाजूला टाकलेले पैसे बरेच दिवस पुरतील. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आणि तुमची औषधं नेहमीसारखी पहिल्या तारखेला. त्यात काटकसर करायची नाही. बाबा, मिरजेच्या वेळी तुम्ही आजोबांना काय म्हणाला होतात, ते मला पाठ आहे. तेवढंच मीही म्हणतेय.

उन्हाळ्यात तुम्ही येणार, ते ठरलंय तसंच. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्टला एरिक कार्लने पत्नीबरोबर उभं केलेलं चित्रपुस्तकांचं संग्रहालय आहे. तिथे लिफ्ट असो-नसो, आईच्या गुडघ्यांची सोय मी बघेन.

आणि हो, शनिवारी केक, आइस्क्रीम, लोणचं, सलामी सगळं हाणून त्या सुरवंटाचं पोट दुखतं. बाबा, शुगर ‘थोडीशीच’ वाढलीय म्हणे! तीन महिन्यांची टेस्ट याच आठवड्यात करा, रिपोर्टचा फोटो मला पाठवा. टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर चढायचं नाही. काकांना मीच सांगेन, तोवर तुम्ही काही बोलू नका.

तुमची,
छकुली