सूचना : केबल आणि लँडलाइनचं बिल

सर्व सभासदांस,

फायबरचं वायफाय असूनही केबल आणि एमटीएनएलच्या जुन्या लँडलाइनचं बिल भरणारी घरं आपल्या इमारतीत अजून बरीच आहेत. बहुतेक फायबर प्लॅनमध्ये लँडलाइन कॉलिंग मिळतंच. साधा फोन राउटरला जोडायचा. दूरदर्शनच्या वाहिन्या प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ ॲपवर दिसतात. तळमजल्यावर रेंज नसेल तर मोबाइलमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करा, वेगळे पैसे पडत नाहीत.

मात्र वीज गेली की राउटर बंद, फोनही बंद! घरी एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनी जुनी लाइन घाईने तोडू नये, असं माझं मत.

लँडलाइन बंद करताना अनामत रक्कम मागा. सेट-टॉप बॉक्स परत केल्याची पावती घ्या. केबलवाल्याशी ज्याचं त्याने बोलावं, संस्था मध्ये पडणार नाही.

– चिटणीस