पत्रकातल्या चुकीच्या जोडणीमुळे जळालेल्या बोर्डाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं की पंप कोरडा फिरतो आणि जळतो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, तोंडावर असताना नागपुरात ज्याच्या घरी हे झालंय, त्याला मी तुमचा पाण्याची पातळी मोजणारा संच का मागवला ते सांगावं लागणार नाही. पातळी खाली गेली की होम असिस्टंटने (घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पंप बंद करावा आणि मोबाइलवर कळवावं, एवढाच बेत होता.

संचात ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, चार वायरी आणि घडीचं पत्रक होतं. पत्रकावर ठळक छापलंय, 'रास्पबेरी पायसाठी'. रास्पबेरी पाय म्हणजे माझा तो बोर्ड, एका पाटीवरचा छोटा संगणक. आकृतीत दाखवल्याप्रमाणे सेन्सरची वीज घेणारी व्हीसीसी बोर्डाच्या पिन २ वर, ग्राउंड ६ वर, मोजणी सुरू करणारी ट्रिगर १६ वर आणि उत्तर परत पाठवणारी एको थेट १८ वर जोडली. पंधरा मिनिटं पातळीचे आकडे नीट येत होते. मग ते एकाच जागी अडकले आणि बोर्डच बंद पडला. आता लाल दिवा लागतो, हिरवा लुकलुकत नाही, आणि चिपला बोट लावलं तर चटका बसतो.

बर्डीतल्या दुरुस्तीवाल्याने बोर्ड हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "भाऊ, मधात रेझिस्टर लावले होते का?" हा सेन्सर पाच व्होल्टवर चालतो, एकोवरही पाचच सोडतो, रास्पबेरी पायच्या पिना ३.३ च्या वर सोसत नाहीत. मध्ये एक आणि दोन किलोओहमचे रेझिस्टर लावले की व्होल्टेज ३.३ वर येतं. दोन-चार रुपयांचा मामला. तुमच्या पत्रकात त्याचं नावही नाही.

फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "बोर्ड आमचा नाही, आणि पिनला जास्त व्होल्टेज देणं ही ग्राहकाची चूक." बोर्ड माझाच आहे, मान्य. पण वायर कुठे लावायची ते तुम्ही छापलंत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये अपुऱ्या सूचनांसाठीही उत्पादकाला जबाबदार धरलंय, ते एकदा वाचून घ्यावं.

मला बोर्डाची किंमत हवी आहे, बिलाची प्रत सोबत जोडली आहे. पत्रकाचा फोटोही जोडलाय, आकृतीभोवती लाल पेनने गोल केला आहे. ते पत्रक दुरुस्त होईपर्यंत संच विकणं थांबवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

तूर्तास टाकीत काठी बुडवून पाणी बघतोय.

आपला,
एक ग्राहक
धरमपेठ, नागपूर